नागीण: पहिल्या फोडापासूनचे 72 तास

गावात कुणाला नागीण निघाली की आधी गेरू उगाळला जातो. मग दूर्वा-तांदळाचा लेप, मग शेजारच्या गावचा फुंकर घालणारा बाबा. चौथ्या-पाचव्या दिवशी आग सहन होईना झाली की दवाखाना आठवतो. औषधाचा खरा उपयोग होतो ते सुरुवातीचे तीन दिवस नेमके या फेऱ्यांत निघून जातात. फोड काय, लेप लावा न लावा, दोन ते चार आठवड्यांत सुकतातच. मागे राहते ती नसेची आग. ती महिनोन् महिने, कधी वर्षंही छळते. उपचार लवकर सुरू करायचा तो त्यासाठी.

सापाशी या आजाराचा काही संबंध नाही. कांजण्यांचा विषाणू तोच नागिणीचा विषाणू. लहानपणी अंगावर माता आली होती असं घरातली म्हातारी माणसं सांगतात ना, तेव्हा आत शिरलेला हा विषाणू कांजण्या बऱ्या झाल्या तरी शरीराबाहेर जात नाही. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना नसांच्या मुळाशी बारीक गाठी असतात, तिथे तो निजून राहतो. चाळीस-पन्नास वर्षंसुद्धा. वय वाढलं, शुगर हाताबाहेर गेली, स्टेरॉइडच्या किंवा कॅन्सरच्या गोळ्या चालू असल्या, एचआयव्हीची लागण झाली, थोडक्यात शरीराची पकड ढिली पडली की तो जागा होतो आणि एखाद्या नसेवरून उतरत कातडीपर्यंत येतो. नागीण हा जुन्या कांजण्यांचाच दुसरा फेरा आहे, हे नीट मांडून दाखवलं ते इंग्लंडमधल्या सायरेन्सेस्टर या लहानशा गावी दवाखाना चालवणाऱ्या डॉ. एडगर होप-सिम्पसन यांनी, 1965 साली. मोठी प्रयोगशाळा हाताशी नव्हती. रोजच्या रुग्णांच्या वर्षानुवर्षं जपलेल्या नोंदी होत्या.

डॉक्टर चिठ्ठीवर ‘हर्पीस झोस्टर’ लिहितात. हर्पीसचं मूळ ग्रीक भाषेत, अर्थ सरपटणं. झोस्टर म्हणजे कमरपट्टा. तिकडच्या लोकांनाही या पुरळात सरपटणारं काहीतरी दिसलं, आपल्याकडे नागीण दिसली. नाव चांगलंच पडलं आहे. फक्त त्या नावामागोमाग आलेली भीती खोटी आहे.

ती भीती अशी की नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं, अंगाला पूर्ण वेढा पडला की माणूस जातो. कण्यातून नसांच्या 31 जोड्या निघतात. जोडीतली उजवी नस शरीराची उजवी बाजू सांभाळते, डावी डावी. विषाणू बहुधा एकाच नसेत जागा होतो, म्हणून पट्टा मागे कण्याशी सुरू होतो आणि पुढे छातीच्या किंवा पोटाच्या मध्यरेषेशी, आखून दिल्यासारखा, थांबतो. तोंड-शेपूट जुळायला तिथे वाटच नाही. मध्यरेषेपलीकडे एखाद-दोन फोड दिसले तर घाबरू नये. मात्र एकाच वेळी दोन्ही बाजूंना पट्टे उठले किंवा पट्ट्यापासून लांब सगळ्या अंगावर वीस-पंचवीस फोड विखुरले, तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठावं. शरीराची प्रतिकारशक्ती फारच खाली गेल्याची ती खूण असते.

फोडाआधीचं दुखणं

नागीण आधी दुखते, मग दिसते. फोड येण्याच्या दोन-तीन दिवस आधी, कधी त्याहून जास्त, एका बाजूच्या ठरावीक पट्ट्यात आग होते, मुंग्या येतात, सुई टोचल्यासारखं होतं. सोयाबीनच्या सोंगणीत किंवा कापूस वेचणीत दिवसभर वाकलेल्या माणसाला वाटतं, पाठ भरून आली. बाम चोळला जातो, शेक दिला जातो. कमरेच्या बाजूला असेल तर मुतखडा वाटतो, पायात असेल तर शीर आखडली असं वाटतं. ओळखायची खूण साधी: स्नायूचं दुखणं दाबल्यावर वाढतं, नागिणीचं कापड नुसतं घासलं तरी चटका देतं. झंपर अंगाला लागू देत नाही, बनियान नको वाटतो. छातीत दुखत असेल तेव्हा मात्र अंदाज बांधत बसू नका. आधी ईसीजी काढा, नागीण असेल तर ती पुढे दिसेलच.

मग लाल चट्टा उठतो आणि त्यावर भिजवलेल्या साबुदाण्याच्या दाण्यांसारखे फोडांचे घोस. पाणी आधी स्वच्छ असतं, दोन-चार दिवसांत गढूळ होतं, सात ते दहा दिवसांत खपली धरते. साधारण पाच दिवस नवे फोड येत राहतात.

पावसाळ्यात दोन गोष्टी नागिणीसारख्या दिसतात. एक, रात्री दिव्याभोवती फिरणारा लाल-काळा बारीक किडा झोपेत अंगावर चिरडला गेला की उठणारा भाजल्यासारखा ओरखडा. त्यात आधी दुखणं नसतं, सकाळी उठल्यावर एकदम दिसतो, आणि मानेवर किंवा कोपराच्या घडीत असला तर समोरासमोरच्या कातडीवर त्याचा जोड-ठसा उमटतो. दुसरी, फवारणीचा पंप गळून पाठीवर औषध झिरपल्याने झालेली जळजळ. ती पट्ट्याच्या आणि पंपाच्या ठशाप्रमाणे असते, मध्यरेषा मानत नाही. फवारणीनंतर मळमळ, घाम, डोळ्यांपुढे अंधुक असं काही असेल तर ती विषबाधा समजावी आणि 108 ला फोन करावा.

औषध, आणि ते नेमकं कुठे चुकतं

मुख्य औषध असायक्लोव्हिर. विषाणू स्वतःच्या प्रती काढत असतो. हे औषध ते छपाईचं काम अडवतं. गंमत अशी की औषध चालू करायची किल्ली विषाणूच्याच हातात असते. विषाणूचं एक एन्झाइम त्याला जागं करतं, त्यामुळे ते लागण झालेल्या पेशीत काम करतं आणि बाकीच्या शरीराला फारसं छेडत नाही. छपाई पूर्ण होऊन नस सुजली की अडवायला काही उरत नाही, म्हणून 72 तासांची घाई. हे तास मोजायचे पहिला फोड किंवा लाल चट्टा दिसल्यापासून, दुखणं सुरू झाल्यापासून नव्हे. सोमवारी सकाळी दिसला तर गुरुवार सकाळच्या आत पहिली गोळी पोटात गेली पाहिजे.

मूत्रपिंड चांगलं असलेल्या मोठ्या माणसाचा डोस: 800 मिलिग्रॅम, दिवसातून 5 वेळा, 7 दिवस. 800 च्या एकूण 35 गोळ्या झाल्या. चिठ्ठी डॉक्टरच देणार. पण हा आकडा घरच्यांनी पाठ करावा, कारण घोळ इथेच होतो.

पहिला घोळ 200 च्या गोळीचा. असायक्लोव्हिर 200, 400 आणि 800 अशा तिन्ही ताकदींत येतं. काउंटरवर नुसतं नाव सांगितलं आणि 200 ची एक-एक गोळी दिवसातून पाच वेळा घेतली, तर लागतो त्याच्या चौथा हिस्साच औषध पोटात जातं. ओठावरच्या किंवा जननेंद्रियावरच्या हर्पीसला तेवढं चालतं, नागिणीला पुरत नाही. 800 मिळालीच नाही तर डॉक्टरांना विचारून 400 च्या दोन एका वेळी घेता येतात. तेव्हा एकूण 70 लागतील.

दुसरा घोळ ‘सध्या एक पट्टी द्या’ हा. दहा गोळ्यांची पट्टी दोन दिवसांत संपते. पुन्हा तालुक्याला जायला एसटीचं भाडं आणि एक रोजी मोडते, म्हणून तिसऱ्या दिवसापासून औषध बंद. पहिल्याच फेरीत सातही दिवसांच्या गोळ्या घ्याव्यात. पैशाची ओढाताण असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात, ग्रामीण रुग्णालयात आधी विचारावं, नाहीतर जनऔषधी केंद्रात जेनेरिक गोळी मागावी. गुण तोच, किंमत बरीच कमी.

तिसरा घोळ वेळांचा. पाच वेळा म्हणजे सकाळी 6, 10, दुपारी 2, संध्याकाळी 6 आणि रात्री 10. शेतात जाणाऱ्या माणसाची 10 आणि 2 ची गोळी हमखास राहते, म्हणून त्या दोन गोळ्या सकाळीच डब्यासोबत बांधून द्याव्यात. हे जमणारच नसेल तर डॉक्टरांशी व्हॅलासायक्लोव्हिरबद्दल बोलावं: 1 ग्रॅम, दिवसातून 3 वेळा, 7 दिवस. जरा महाग, पण चुकायला जागा कमी. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसासाठी हीच गोळी बरी.

असायक्लोव्हिरचं मलम नागिणीवर चोळून काही होत नाही, विषाणू नसेत आहे. नुसतं सलाईन लावून तर नाहीच. आणि ट्यूबमधली स्टेरॉइडची मिश्रणं, जी गावात खाज, गजकर्ण, भाजलं-कापलं सगळ्याला लावली जातात, ती इथे घातकच.

आता मूत्रपिंडाची गोष्ट, कारण विदर्भाचा उन्हाळा तिच्याशी थेट जोडलेला आहे. असायक्लोव्हिर लघवीवाटे बाहेर पडतं. अंगात पाणी कमी असलं की मूत्रपिंडात त्याचे स्फटिक जमू शकतात. मे महिन्यात पारा 45 ला टेकलेला, माणूस सकाळपासून दोन गडवे पाणी प्यायलेला, वर दुखतं म्हणून डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन: या तीन गोष्टी एकत्र आल्या की मूत्रपिंडाला धक्का बसतो. गोळ्या चालू असेपर्यंत दिवसाला अडीच-तीन लिटर पाणी प्यावं (हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर सोडून). वय साठीपुढचं असेल, जुनी शुगर किंवा बीपी असेल तर क्रिएटिनिनची, म्हणजे मूत्रपिंड कसं चालतं ते दाखवणारी रक्ताची तपासणी करून घ्यावी. मूत्रपिंड कमकुवत असेल तर डॉक्टर डोस कमी करतात. गोळ्या चालू असताना म्हातारा माणूस बरळायला लागला, भलतंच दिसतं म्हणाला, लघवी कमी झाली, तर बाहेरची बाधा शोधू नका. औषध अंगात साचलं आहे, लगेच दवाखाना.

साध्या दुखण्याला पॅरासिटामॉल चालतं: 500 ची एक गोळी, दर सहा तासांनी, गरज पडली तर. आग त्याने पुरती जात नसेल तर पहिल्याच आठवड्यात डॉक्टरांना सांगावं, नसेच्या दुखण्याची औषधं वेगळी असतात.

आणि 72 तास टळून गेले असतील तर? तरी जावं. नवे फोड अजून येत असतील, रुग्ण पन्नाशीपुढचा असेल, डोळ्याजवळ असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल तर डॉक्टर उशिरासुद्धा औषध सुरू करतात.

फोडांची काळजी

रोज आंघोळ करावी. साधा साबण, कोमट पाणी, न घासता, टिपून कोरडं करायचं. आग होत असेल तेव्हा स्वच्छ सुती फडकं गार पाण्यात पिळून 15–20 मिनिटं ठेवावं, दिवसातून तीन-चार वेळा. बर्फ थेट ठेवू नये. फोड फुटले की पातळ थर पेट्रोलियम जेलीचा, वर गॉज, वर सैल सुती कपडा. फडकी उकळून उन्हात वाळवलेली असावीत. उघड्या जखमेवर माश्या बसतात, म्हणून गोठ्यातलं काम काही दिवस दुसऱ्याने करावं. फोड सुईने फोडू नयेत.

गेरूने नुकसान होतं ते असं: तो खपलीत घट्ट बसतो, खाली पू झाला तरी दिसत नाही, आणि डॉक्टरसमोर गेल्यावर पुरळ ओळखूच येत नाही. शेण आणि चुना तर जखमेवर कधीच नको. बिब्बा लावणं किंवा डागणं म्हणजे दुखऱ्या नसेवर आणखी एक भाजलेली जखम. बाबाला ‘गुण येतो’ कारण नागीण आपसूक सुकते. फुंकर न घालताही तितक्याच दिवसांत सुकली असती. घरातल्या म्हाताऱ्यांचं मन राखायचं असेल तर बाबाकडे जाऊन या, पण आधी पहिली गोळी घेऊन.

पथ्याचंही तेच. मीठ-तेल-आंबट बंद, कधी कधी जेवणच अर्धं. शुगरची गोळी चालू असलेल्या माणसाला असं उपाशी ठेवलं तर साखर एकदम खाली जाते आणि तो चक्कर येऊन पडतो. वरण-भात, भाकर, भाजी, दूध, अंडी, सगळं चालतं.

लालसर सूज पसरत गेली, पिवळा पू आला, ताप चढला तर वरून जंतुसंसर्ग झाला आहे. तेव्हा अँटिबायोटिक लागतं, त्याआधी नाही.

नागीण एकाची दुसऱ्याला ‘लागत’ नाही. पण फोडातल्या पाण्यात जिवंत विषाणू असतो, आणि ज्याला कांजण्या झालेल्या नाहीत त्याला त्यातून कांजण्या होऊ शकतात. म्हणून सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत जागा झाकलेली ठेवावी, टॉवेल-दुपट्टा वेगळा ठेवावा, आणि कांजण्या न झालेल्या गरोदर बाईपासून, तान्ह्या बाळापासून, कॅन्सरचे उपचार चालू असलेल्या माणसापासून लांब राहावं. नातवंडाला कुशीत घेऊन निजायची सवय असलेल्या आजीला हे समजावून सांगावं लागतं; तेवढे आठ-दहा दिवस खाट वेगळी.

कपाळावर, नाकावर, कानात

इथे एक दिवसही थांबायचं नाही. कपाळ आणि वरच्या पापणीची नस डोळ्यालाही जाते, आणि तिचाच एक फाटा नाकाच्या शेंड्याला. नाकाच्या शेंड्यावर किंवा कडेला फोड दिसला म्हणजे डोळा धोक्यात असण्याची शक्यता मोठी. डोळा लाल, प्रकाश सहन न होणं, धूसर दिसणं सुरू व्हायच्या आधीच नेत्रतज्ज्ञाकडे पोचावं; उशिराने बुबुळावर व्रण पडून नजर जाऊ शकते. घरात पडलेले डोळ्यांचे थेंब घालू नयेत, त्यांत स्टेरॉइड असू शकतं. गावाजवळ नेत्रतज्ज्ञ नसेल तर सेवाग्राम, यवतमाळ, अकोला, नागपूरचं मेडिकल कॉलेज, जे जवळ असेल ते, पण त्याच दिवशी.

कानात फोड येऊन चेहऱ्याची एक बाजू वाकडी झाली तर लकवा समजून मालिश करत बसू नये. हीसुद्धा नागीणच असते. मांडीच्या सांध्यात किंवा गुदद्वाराजवळच्या नागिणीत लघवी अडकू शकते, तेव्हाही लगेच जावं.

पन्नाशीच्या आतल्या माणसाला नागीण झाली, किंवा ती पुन्हा पुन्हा, जास्त पसरून झाली, तर एचआयव्हीची आणि शुगरची तपासणी करून घ्यावी. ग्रामीण रुग्णालयातल्या एकात्मिक समुपदेशन व तपासणी केंद्रात एचआयव्हीची तपासणी मोफत होते आणि नाव गुप्त राहतं. नागीण झाली म्हणजे एचआयव्ही आहे असं नाही. तपासणी एवढ्यासाठी की असेल तर उपचार लवकर सुरू होतात.

‘हर्पीस’ हा शब्द चिठ्ठीवर वाचून काही घरांत नको तो संशय शिरतो, नवरा-बायकोत भांडणं होतात. नागीण शरीरसंबंधातून येत नाही. तापानंतर ओठाच्या कडेला उठणारे फोड आणि जननेंद्रियावरचा हर्पीस हे दुसऱ्या विषाणूचे, हर्पीस सिम्प्लेक्सचे. जननेंद्रियावर फोड-व्रण असतील तर सरकारी रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये जावं. पहिल्या वेळी असायक्लोव्हिर 400 मिलिग्रॅम दिवसातून 3 वेळा, 7 ते 10 दिवस देतात. तो समूळ जात नाही, पुन्हा उठू शकतो, जोडीदाराला लागू शकतो, आणि बाळंतपण जवळ आलं असेल तर डॉक्टरांना सांगावाच लागतो.

फोड गेले, आग राहिली

पुरळ उठून तीन महिने झाले आणि तरी जागा जळते, याला वेगळं नाव आहे: नागिणीनंतरचं नसेचं दुखणं. वय जितकं जास्त तितकी त्याची शक्यता जास्त. कातडी वरून बरी, नुसते पांढुरके डाग. पण पंख्याचा वारा लागला तरी माणूस कळवळतो. घरच्यांना दिसत काहीच नाही, म्हणून ‘सोंग करते’ असंही ऐकून घ्यावं लागतं. हे सोंग नाही. विषाणूने नस खराब केली आहे आणि ती विनाकारण दुखण्याचा निरोप पाठवत राहते.

साधी वेदनाशामकं इथे चालत नाहीत, ती वर्षभर खाऊन पोट आणि मूत्रपिंड जातं. चालतात ती नसेला शांत करणारी औषधं: गॅबापेन्टिन, प्रीगॅबालिन, किंवा रात्री अगदी कमी डोसात, बहुधा 10 मिलिग्रॅमपासून, अ‍ॅमिट्रिप्टिलिन. डोस हळूहळू वाढवतात, आणि गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात झोप, चक्कर, झोकांड्या हे सगळं होतं. ‘गोळी सोसत नाही’ म्हणून बहुतेक लोक इथेच सोडतात. सोडू नये, डोस कमी करून मागावा. त्या दिवसांत रात्री लघवीला उठताना कुणीतरी सोबत असावं, दिवा जळता असावा, ट्रॅक्टर चालवू नये, विहिरीच्या काठावर जाऊ नये. काचबिंदू, हृदयाचा त्रास किंवा प्रोस्टेटमुळे लघवी अडखळत असेल तर अ‍ॅमिट्रिप्टिलिन टाळतात, म्हणून ते आधीच सांगावं. गोळ्या एकदम बंद करायच्या नसतात.

लिडोकेन या बधिर करणाऱ्या औषधाची चिकटपट्टी अखंड कातडीवर 12 तास लावून 12 तास काढून ठेवतात. मिरचीतल्या तिखट द्रव्याचं, कॅप्सेसिनचं मलमही मिळतं. ते खपल्या पूर्ण गेल्यावरच, हातमोजा घालून. म्हणून घरची भिवापुरी वाटून लावायची नाही! मलमात ते द्रव्य अगदी मोजून घातलेलं असतं, वाटलेली मिरची कातडी भाजते.

नागिणीची लस आहे. भारतात 2023 पासून शिंग्रिक्स मिळते: पन्नाशीपुढच्यांसाठी दोन डोस, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने. सरकारच्या मोफत लसीकरणात ती नाही, आणि एका डोसाला हजारो रुपये लागतात. गावातल्या बहुतेक घरांना ते झेपणारं नाही हे उघड आहे. पण एकदा नागीण होऊन गेलेल्यालाही ती चालते, आणि शहरात नोकरी करणारा मुलगा-मुलगी आईवडिलांसाठी काही करू म्हणत असतील तर ही सुचवावी.

ज्यांची नागीण दोन-चार वर्षांपूर्वी झाली आणि जागा अजून जळते, त्यांनीही ‘आता काय उपयोग’ म्हणून घरी बसू नये. वर सांगितलेली औषधं जुन्या दुखण्यावरही देतात. जाताना जुनी चिठ्ठी, शुगर आणि क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, आणि आग केव्हा वाढते, कपडा लागल्यावर की रात्री की गारव्यात, हे एका कागदावर लिहून न्यावं.